मेमरीतले उकिडवे

"हे परत गेलं," असं म्हणून प्रमिलाताईंनी आपला मोबाइल आमच्या टेबलावर उताणा ठेवला. "सकाळी चांगलं हिंडतंफिरतं होतं. अकराच्या सुमाराला धाप लागली. मी जेवायला बसले आणि गेलं."

"मोबाइल गेला?" अल्ताफने विचारलं.

"मोबाइल ठणठणीत आहे. तुमचं ॲप गेलं."

प्रमिलाताई सातपुते मिरजेला एका मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी बिघडलेल्या कुठल्याही वस्तूकडे त्या पेशंट म्हणूनच बघायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी सांगलीत 'सोबत' नावाचं मंडळ काढलं होतं. साठीच्या आसपास एकट्या पडलेल्या माणसांची लग्नं जुळवायची, हे मंडळाचं काम. स्वतः ताईंनी लग्न केलं नव्हतं. कुणी त्यावरून टोकलं तर म्हणायच्या, "टायफॉइडचं औषध द्यायला स्वतःला टायफॉइड व्हावा लागतो का?"

आमची कंपनी म्हणजे मी आणि अल्ताफ मुजावर, बस. इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो. पुण्याच्या नोकऱ्या सोडून आम्ही सांगलीच्या विश्रामबागेत एका बेकरीच्या वरची खोली घेतली होती, त्यामुळे आमच्या कपड्यांना, फाइलींना आणि कीबोर्डलाही कायम खारीचा वास असायचा. 'सोबत'चं ॲप हे आमचं पहिलं मोठं काम. येत्या रविवारी त्याचं उद्घाटन होतं. सगळे सभासद येणार होते, शिवाय सातारा आणि कोल्हापूरच्या तसल्याच मंडळांची माणसं बघायला येणार होती. त्यांना पसंत पडलं तर आमची गाडी रुळावर येणार होती. नाही पडलं तर अल्ताफ पुण्याला परत आणि मी बाबांनी आणून ठेवलेल्या बँकेच्या परीक्षेच्या पुस्तकांकडे.

आणि ॲप बंद पडत होतं ते फक्त प्रमिलाताईंच्याच मोबाइलवर. बाकी कुणाची तक्रार नव्हती.

"हीप डंप काढावा लागेल," मी म्हणाले.

"म्हणजे काय करणार त्याला?"

"पंचनामा," अल्ताफ म्हणाला. "ॲपच्या डोक्यात या घटकेला काय काय भरलंय, किती भरलंय आणि कुणी कुणाला धरून ठेवलंय, ते सगळं एका फाइलीत उतरवून घ्यायचं."

"पोस्टमॉर्टेम म्हण की सरळ."

"ते मेल्यावर करतात ताई. हे जिवंत असताना करायचं."

"मग सोनोग्राफी," ताईंनी निकाल दिला. "उद्या धाप लागली की घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी त्या खरोखरच रिक्षा करून, मोबाइल तळहातावर आडवा धरून आल्या. मी तो लॅपटॉपला जोडला, डंप घेतला आणि ताई खाली बेकरीत नानकटाई घ्यायला गेल्या तेवढ्यात उघडून बसले.

यातलं तंत्र फार अवघड नसतं. एखादा स्क्रीन तुम्ही बंद केलात की ॲपने त्याला विसरून जायचं असतं. पण आतल्या आत कुणीतरी त्याची बाही धरून ठेवली तर तो मेमरीतून हलत नाही. असे बरेच साठले की जागा संपते आणि ॲप मान टाकतं. ताईंच्या ॲपमध्ये सभासदांच्या माहितीच्या चाळीसेक प्रती अशा अडकून बसल्या होत्या. तिथवर नवल नव्हतं. मी सहज एका प्रतीवरचं नाव उघडलं. उकिडवे मुकुंद. दुसरीचं उघडलं. उकिडवे मुकुंद. तिसरी, चौथी, दहावी. मधे कुठेतरी एक शिंत्रेबाई होत्या, पण त्या चुकून गर्दीत सापडल्यासारख्या.

"अल्ताफ, इकडे ये."

तो आला. त्याने चष्मा वर केला, खाली केला.

"एकच माणूस?"

"एका सकाळीत."

आम्ही त्या सभासदाचं पान काढून पाहिलं. मुकुंदराव उकिडवे, विधुर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. फोटोत ते एका धरणाच्या कठड्यावर हात ठेवून उभे होते, गळ्यात मफलर, आणि चेहऱ्यावर असा भाव की धरण आपणच अडवून धरलंय.

"वाईट नाहीत दिसायला," अल्ताफ हळूच म्हणाला.

जिन्यावर ताईंची पावलं वाजली आणि आम्ही दोघांनी एकदम लॅपटॉप मिटला.

दोषही सापडला होता. माहितीचं पान बंद केल्यावर त्यातला फोटो सुटत नव्हता. मी तो सोडवला, आमच्या मोबाइलवर पन्नास पानं उघडून मिटून पाहिली, मेमरी जराही फुगली नाही. तांत्रिक बाजू माझ्या दृष्टीने संपली होती. उरले होते ते उकिडवे.

घरी गेल्यावर मी हे शालनआत्याला सांगितलं. ग्राहकाची गोष्ट बाहेर सांगू नये हे मला कळत होतं, पण आत्यापासून काही लपवायची आमच्या घरात सोय नव्हती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचे यजमान लवकर गेले आणि मी बालवाडीत असताना ती आमच्याकडे राहायला आली ती कायमचीच. टेलिफोन खात्यात तिची सगळी नोकरी लोकांचे फोन जोडून देण्यात गेली होती.

"एक बाई एका पुरुषाचा फोटो सकाळभरात चाळीस वेळा बघते," आत्या शेंगा सोलत म्हणाली. "याला काय म्हणतात ते सांगायला तुझा कॉम्प्युटर कशाला पाहिजे?"

"पण ताई तशा वाटत नाहीत गं."

"तशी कोण वाटतं? सगळ्या गावाची लग्नं लावते, स्वतःचं कुणाला सांगणार ती? लाइन जोडून देणारीला स्वतःचा फोन कधी करता येत नसतो, मी सांगते तुला."

"मग काय करायचं?"

"रविवारी त्यांना तिच्या शेजारी बसवा. पुढचं पुढं."

दुसऱ्या दिवशी मी आडूनआडून ताईंपुढे विषय काढला. सभासदांच्या वतीने कुणीतरी व्यासपीठावर असावं, दोन शब्द बोलावेत. उकिडवे कसे वाटतात?

ताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"उकिडवे?"

"अनुभवी दिसतात."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तुला झेपत असेल तर बघ बाई."

त्या गेल्यावर अल्ताफ म्हणाला, "लाजल्या."

मग मी उकिडव्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आसनव्यवस्था कशी आहे? मला उजव्या कानाने जरा कमी ऐकू येतं, तेव्हा मेट्रनबाई माझ्या डावीकडे असाव्यात. पण फोटो माझा डावीकडून बरा येतो. तेव्हा फोटोग्राफर कुठे उभा राहणार, त्यावर अवलंबून आहे." मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं करू. त्यावर ते म्हणाले, "ही कल्पना मूळ कुणाची?"

"ताईंचीच समजा," मी म्हणाले.

"असं," ते म्हणाले.

रविवारी मंगल कार्यालय भरून गेलं होतं. बायकांनी ठेवणीतल्या साड्या काढल्या होत्या, पुरुषांनी अत्तरं लावली होती, आणि मागे टेबलावर भडंग आणि बटाटेवड्यांची तयारी चालली होती. सातारचे तीन आणि कोल्हापूरचे दोन पाहुणे पहिल्या रांगेत होते. शालनआत्या तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. ती सभासद नव्हती, पण म्हणाली, मला बघायचंय.

उकिडवे मोतिया रंगाच्या कोटात आले. मफलर होताच. व्यासपीठावर येऊन त्यांनी ताईंना वाकून नमस्कार केला, ताईंनी मान हलवली. मी आणि आत्याने एकमेकींकडे पाहिलं.

व्यवस्था अशी होती: ताईंचा मोबाइल माझ्या लॅपटॉपला जोडलेला, लॅपटॉप प्रोजेक्टरला, आणि समोरच्या भिंतीवर सगळ्यांना ॲप दिसतंय. अल्ताफ प्रोजेक्टरपाशी उभा. ताईंनी सभासदांची यादी उघडून दाखवली. एकेकाची पानं उघडली, मिटली. सगळं सुरळीत. सातारचे पाहुणे एकमेकांच्या कानाला लागले, तेही चांगल्या अर्थाने वाटलं.

"आता समजा कुणाला आपल्या माहितीत काही बदल करायचाय," ताई म्हणाल्या. "तो अधिकार फक्त माझ्याकडे. मला फोन करायचा, मी इथून दुरुस्ती करते." त्यांनी दुरुस्तीचा फॉर्म उघडला. भिंतीवर पांढरा चौकोन आला, एकदा थरथरला आणि नाहीसा झाला.

"गेलं," ताई माइकवर म्हणाल्या.

मात्र एक शहाणपण मी केलं होतं. ॲप बंद पडलंच तर पडता पडता स्वतःचा डंप मागे ठेवेल अशी सोय मी करून ठेवली होती. मी लॅपटॉपवर वाकले आणि ती फाइल उघडली. पुन्हा तेच. माहितीच्या प्रतींवर प्रती. मी नावांचा रकाना उलगडला आणि खाली सरकत गेले. पलीकडून अल्ताफ हात हलवत होता, मला वाटलं तो धीर देतोय.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने विचारलं, "अहो, आपल्या मंडळात एवढे उकिडवे आहेत?"

मी मान वर केली. समोरच्या अख्ख्या भिंतीवर, दाराच्या चौकटीपासून पंख्यापर्यंत, एकाखाली एक 'उकिडवे मुकुंद' लिहिलेलं होतं. लॅपटॉप प्रोजेक्टरलाच जोडलेला होता. पुढे बसलेल्या एक आजी ते नामजपासारखं पुटपुटत वाचत होत्या.

मी वायर उपटली. पण वाचायचं ते सगळ्यांनी वाचलं होतं, आणि ॲप कुणाच्या मोबाइलवर चाललंय हेही सगळ्यांना माहीत होतं.

उकिडवे सावकाश उभे राहिले. त्यांनी मफलरची टोकं सारखी केली.

"मेट्रनबाई," ते हळू आवाजात म्हणाले, पण समोर माइक होता. "आपण कधी बोलला नाहीत."

ताईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "काय बोलायचं होतं?"

"हेच."

"रोज बोलतेच आहे की. सकाळी तुमचा फोन येतो तेव्हा."

तोवर मी एक गोष्ट केली होती, जी खरं तर पहिल्या दिवशीच करायला हवी होती. नावं सोडून, त्या प्रतींना धरून कोण बसलंय ते मुळापर्यंत पाहिलं होतं. माहितीचं पान नव्हतंच. धरून बसला होता दुरुस्तीचा फॉर्म. प्रत्येक वेळी. आणि तो फॉर्म जगात एकाच मोबाइलवर उघडत होता.

"ताई," मी म्हणाले, आणि सुटका झाल्याच्या भरात जरा जोरातच म्हणाले, "ही सगळी दुरुस्त्यांतून आलीत. तुम्ही यांची माहिती नुसती बघत नव्हता. बदलत होता."

"बदलू नको तर काय करू?" ताई म्हणाल्या. "सकाळी पूजेला बसायच्या आधी यांचा पहिला फोन. उंची अर्ध्या इंचाने कमी करा. चहा ठेवला की दुसरा. फोटो बदला. अंघोळीला निघाले की तिसरा. पहिलाच फोटो परत लावा. तीस वर्षं वॉर्ड सांभाळले मी, पण असा पेशंट पाहिला नाही. आणि या पोरांनी यांनाच आणून माझ्या शेजारी बसवलं. मला वाटलं, तुझ्या हातून काही सुटका होत असेल तर होऊ दे बाई, म्हणून गप्प बसले."

सभागृह फुटलं. टाळ्या देत, डोळे पुसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत लोक हसायला लागले. सातारचे पाहुणेही हसले. अल्ताफ प्रोजेक्टरमागे दिसेनासा झाला. मीसुद्धा हसले असते, पण माझी नजर उकिडव्यांवर गेली. ते उभेच होते. बसावं की उभं राहावं हे न समजल्यासारखे, एक हात खुर्चीच्या पाठीवर, फोटोत तो कठड्यावर होता तसाच, फक्त आता त्या हाताला खुर्चीचा खराच आधार लागत होता.

"हसून झालं असेल तर एक विचारते," तिसऱ्या रांगेतून आवाज आला. शालनआत्या उभी राहिली होती. "काय बदलत होतात हो एवढं?"

हसणं ओसरलं. उकिडव्यांनी आधी डावा कान तिच्याकडे केला.

"छंद," ते म्हणाले. "पहिल्यांदा बागकाम लिहिलं होतं. मग लक्षात आलं, बाग आमच्या हिची होती. मी नुसतं पाणी घालतो, तेही ती गेल्यापासून. ते काढलं. वाचन लिहिलं. पण मी पेपर वाचतो, आणि त्यातही पाण्याची पातळी किती झाली तेवढंच. ते काढलं. स्वभाव शांत, असं लिहिलं होतं. मुलाला फोनवर वाचून दाखवलं तर तो हसत सुटला. मग तेही..." ते थांबले. "कुणी बाई ते वाचून होकार देणार. घर सोडून येणार. आणि आल्यावर निराळाच माणूस निघाला तर? या वयात परत जायला तिला जागा कुठे असते? म्हणून खरं लिहायचा प्रयत्न करत होतो. ते एका फटक्यात जमत नाही."

ताई खाली टेबलाकडे बघत होत्या.

"मग आता काय उरलंय त्यात?" आत्याने विचारलं.

"नाव. जन्मतारीख. आणि घोरतो, हे."

"घोरता?"

"ते आज सकाळीच घातलं."

"मोठ्याने का?"

उकिडव्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "ऐकणारं कुणी नाही," ते म्हणाले, "त्यामुळे नक्की सांगता येत नाही."

प्रमिलाताईंनी त्यांच्या कोटाची बाही धरून त्यांना खाली बसवलं. मग माइक आपल्याकडे ओढला आणि वॉर्डात राउंड घेताना काढत असतील तसल्या आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांनी मागे जाऊन वडे खाऊन घ्या. गार होतायत." आणि माझ्याकडे वळून, "तोवर तुझा पेशंट उठून बसेल ना?"

उठून बसला. दुरुस्तीचा फॉर्म बंद होताना त्याने माहितीवरची पकड सोडायची, एवढंच राहून गेलं होतं. एका ओळीचं काम. वड्यांनंतर ताईंनी पुन्हा दुरुस्ती करून दाखवली, ओळीने दहा-बारा वेळा. ॲप एकदाही बंद पडलं नाही. सातारच्या मंडळाने ते घेतलं. कोल्हापूरचे पाहुणे कळवतो म्हणाले, ते अजून कळवतायत.

वायरी गुंडाळताना मी मागे पाहिलं. बहुतेक खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. एका खुर्चीत उकिडवे आणि त्यांच्या डावीकडे शालनआत्या. दोघांच्या मांडीवर भडंगाच्या बशा. ती काहीतरी विचारत होती आणि ते खाणं थांबवून, आठवून आठवून उत्तर देत होते. मी निघू या का म्हणून खूण केली तर तिने हातानेच मला जा म्हणून सांगितलं.

दिवाळीनंतर प्रमिलाताईंचा फोन आला. "एक नवीन नाव नोंदवलंय. तुझ्याकडे नीट दिसतंय का बघ."

मी पाहिलं. आत्याचं नाव होतं. फोटो बहुधा आमच्याच गच्चीत काढलेला. छंद, स्वभाव, अपेक्षा, सगळे रकाने कोरे.

"ताई, यात माहितीच नाही भरलेली."

"ती म्हणाली, ज्याला सांगायची त्याला समक्ष सांगून झालीय. बाकीच्यांना काय करायचीय? नियमाप्रमाणे नोंद पाहिजे म्हणून नोंद."

घरी आईबाबांना मात्र अजून काही माहीत नव्हतं. त्याच रात्री जेवताना आत्याने बाबांच्या पानात आमटी वाढली आणि अगदी भाजी संपलीय सांगावं तशा आवाजात उकिडव्यांशी लग्न करायचं ठरवल्याचं सांगितलं. बाबांचा हात घास घेता घेता थांबला. आई माझ्याकडे बघायला लागली. मी ताटाकडे.

बाबांनी घास परत पानात ठेवला. मग म्हणाले, "आक्का, इथे काय कमी पडलं तुला?"

"काही नाही रे."

"मग?"

आत्या पातेलं खाली ठेवून बसली. "तुझ्या घरात मला कुणी काही विचारत नाही," ती म्हणाली. "चहात साखर किती, पंखा लावू का, काल झोप लागली का. विचारायचं कारणच नाही, तुम्हाला सगळं पाठ आहे. इतकी वर्षं झाली. त्या माणसाला माझ्यातलं काहीच माहीत नाही. त्याला सगळं विचारावं लागतं. तो विचारतो, आणि उत्तर येईस्तोवर थांबतो." तिने जरा थांबून आमटीत मीठ नीट पडलंय का ते बोटावर घेऊन पाहिलं. "मला सांगायला बरं वाटतं."

आईने उगाचच पोळ्यांचा डबा उघडला आणि मिटला. बाबांनी भात कालवला, तो न खाताच पुन्हा कालवला.

"घरी कधी येणार आहेत ते?" शेवटी त्यांनी विचारलं.

"रविवारी बोलावलंय."

"जेवायला?"

"हो."

"त्यांना आवडतं काय?"

"मला तरी कुठे माहितीय," आत्या म्हणाली. "आल्यावर विचारू."